चोविसावं लेबल

आमच्या घरातल्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायचं काम पुंजारामचं होतं. पुंजाराम म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, गोदीचा नवरा. मूर्तिजापूरच्या पुढे सांगवीला त्यांचं घर. लग्न आठ दिवसांवर आलं की तो एस्टीनं अमरावतीला यायचा. पिशवीत एक पायजमा-सदरा आणि न सांडता आणलेली निळ्या शाईची बाटली. ओसरीवर सतरंजी टाकून बसला की दोन दिवस हलायचा नाही. अक्षर असं, की तिफणीनं पेरल्यासारखं एका ओळीत. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरचा जावई असून मी त्याला अरे-तुरेच करायची, आणि तो मला बाई म्हणायचा.

मी स्वतः चौथी शिकले. वाचता येतं, बोट ठेवून. लिहिताही येतं, पण माझं लिहिलेलं पाहून माझा नितेश म्हणतो, "आई, कागदावरून कोंबडी गेली का?" मालक गेल्यापासून पंधरा वर्षं हे घर मी एकटीनं चालवलं, नितेशला मास्तर केलं, पण पत्रिकेवर माझं अक्षर कधी गेलं नाही. लोकांनी हसावं असं काही माझ्या घरून बाहेर जात नाही.

दोन हजार एक साली नितेशचं लग्न झालं तेव्हा तीनशे पत्रिका पुंजारामनं लिहिल्या. वहीत यादी, यादीवर खुणा. सगळं झाल्यावर त्यानं एक पत्रिका पुढे ओढली आणि स्वतःचंच नाव घातलं. श्री. पुंजाराम नारायण खारोडे, सहपरिवार, मु. पो. सांगवी.

मी म्हणाले, "अरे, तुले काहाची पत्रिका? स्वतःच स्वतःले आवतन देऊन राहिला!"

तो शाई वाळावी म्हणून फुंकर घालत म्हणाला, "घरच्या माणसाचं नाव शेवटी येते, बाई. पण येते."

गोदी आतून हसली. मी पण हसले. मग त्यानं कुंकवाचं बोट लावून ती पत्रिका आपल्याच पिशवीत घातली आणि गावी नेली.

नितेशला तेव्हा कॉम्प्युटरचं नवीन वेड होतं. त्यानं ती सगळी यादी वहीतून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली. "पुढच्या लग्नाले कामी पडते," म्हणाला. पुंजाराम जवळ बसून एकेक नाव सांगत होता. त्या वेळी कोणाच्या मनात आलं नाही, की यादी राहील आणि सांगणारा जाईल.

दोन हजार चारच्या पोळ्यानंतर पुंजाराम गेला. त्या साली आणि पुढल्या सालीही आमच्या भागात जी माणसं गेली, तसाच गेला. सकाळी शेतात गेला आणि दुपारी लोकांनी उचलून आणला. त्याहून जास्त मला लिहायचं नाही. ज्याला समजायचं त्याला समजतं.

लिहायचं आहे ते माझं. तेरवीला गावातल्या बाया गोदीला धरून बसल्या होत्या. एक म्हणे, देवमाणूस होता. दुसरी म्हणे, मुंगीलाही दुखवलं नाही. गोदी भिंतीला टेकून नुसती मान हलवत होती. पोर एकच, तीही नांदुऱ्याला दिलेली. घरात आता ती एकटी. तिच्याकडे पाहता पाहता माझ्या तोंडातून निघून गेलं.

"काहाचा देवमाणूस? बायकोच्या अंगावर घर टाकून पळून गेला. भित्रा होता भित्रा. त्याच्या नावानं काय रडून राहिली?"

राग त्याच्यावर होता. माझ्या बहिणीसाठीच होता. पण तोंडातून निघालेला शब्द कोणासाठी निघाला हे कोणी पाहत नाही. गोदीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठून पंगतीत वाढायला गेली. माझ्या पानात तिनं वरण वाढलं, भात वाढला, तूप वाढलं. बोलली नाही. त्या दिवसापासून नाहीच बोलली. दोन दिवाळ्या गेल्या, भाऊबीजा गेल्या. मी थोरली. मी कशाला आधी बोलू?

दोन हजार सहाच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या पोरीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं. स्थळ बडनेऱ्याचं, मुलगा रेल्वेत. पत्रिका छापून आल्या आणि गठ्ठा ओसरीवर ठेवला. सतरंजी कोणी टाकली नाही.

नितेश म्हणाला, "आई, लिहायची गरजच नाही. लेबल काढतो."

त्याचा गाडगेनगरात क्लास होता. पोरांच्या बाकांवर नंबर चिकटवायला तो चिकट कागद आणायचा. एका कागदावर चोवीस लेबलं, तीन उभ्या रांगा, आठ आडव्या, आधीच कापलेली. प्रिंटरमधून नावं छापून निघतात, सोलायची आणि चिकटवायची. मी म्हणाले, "लग्नाची पत्रिका आहे, औषधाची बाटली नाही."

"मंग तू लिही," तो म्हणाला.

मी चष्मा शोधायला लागले.

पहिल्यांदा साध्या कागदावर काढून बघायचं, उजेडाला धरून चिकट कागदावर जुळवायचं, असं त्याचं म्हणणं. पण घाई. त्यानं सरळ चिकट कागद घातला आणि यादीतलं शेवटचं पान आधी निघालं. मी चष्मा लावून बोट ठेवून वाचायला लागले. तिसरं नाव वाचलं आणि थांबले.

"हे तं गेले."

नितेश म्हणाला, "जुनी यादी आहे आई. तू सांग, मी काढतो."

मग त्या दुपारी आम्ही मायलेकं बसून ते काम केलं. तो नाव वाचायचा आणि मी बोलायची. राहू दे. राहू दे. काढ. याच्या जागी पोराचं घाल. हे घर विकून पुण्याला गेले, काढ. राहू दे. काढ. पाच वर्षांपूर्वीची यादी, आणि मी एवढ्या वेळा काढ म्हणाले, की सून शालू चहा घेऊन आली ती कप हातात धरूनच उभी राहिली. म्हाताऱ्या माणसांचं काही वाटत नाही, ती जायचीच. पण त्यात हातापायानं धड अशी किती होती. एकेका गावातून दोन दोन.

यादी शेवटाला आली. नितेशनं वाचलं नाही, नुसता थांबला. मला न वाचताही माहीत होतं तिथे कोण आहे.

"काढ," मी म्हणाले.

"मंग मावशीचं नाव टाकू? श्रीमती गोदाबाई?"

"विधवेच्या नावानं लग्नाची पत्रिका जाते का रे कुठी? माह्या नावानं आली का कधी एखांदी? तुह्या नावानं येतात सगळ्या."

"तुले मी आहे. मावशीले कोण आहे? पोराचं नाव टाकाव तं पोरगा नाही."

"ती घरची आहे. तिले कागद कशाले पाहिजे? मी स्वतः जाऊन आणतो तिले."

"जासीन?"

"जातो म्हटलं न!"

नितेशनं नाव काढलं. मी मात्र काही गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. फोन तरी करावा म्हणून गोदीच्या शेजारच्या दुकानदाराचा नंबर चिठ्ठीवर काढून ठेवला, तो ताकावर झाकलेल्या ताटलीखाली तसाच ओला झाला.

नवीन लेबलं निघाली. पण तो पहिला चुकीचा कागद नितेश चुरगाळून टाकणार, तो मी हातातून घेतला. चोवीसमधली वीस नावं जिवंत माणसांची, पत्ते बरोबर. चांगला कागद फेकायचा कशाला? आणि मेलेल्या माणसाचं नाव केरात टाकत नाहीत. निदान आमच्या घरात नाही. शुभकार्यात तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून, पहिली पत्रिका अंबादेवीला देऊन आले आणि चिकटवायला बसले. आधी मी ओल्या कुंकवाचं बोट लावून मग लेबल लावत होते, तर शाई फुटली. एका देशमुखाचं आडनाव सगळं लाल झालं. शालू म्हणाली, "आई, आधी लेबल, मंग कोरडं हळदकुंकू." सुनेचं ऐकणं मला जड जातं, पण ऐकलं. सोलायचं, चिकटवायचं, अंगठ्यानं दाबायचं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. हाताला लय आली. पुंजाराम दोन दिवस घ्यायचा तिथे माझं एका सकाळी आटपत आलं. मशीनचं मला मनातून कौतुक वाटलं आणि त्याचाच रागही आला.

चुकीच्या कागदावरची वीस लावून झाली. उरली चार. तीन मी हळूच सोलली आणि देवघराजवळच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लावून ठेवली. पुढे कधी नदीला गेलो की सोडू म्हणून. चौथं राहिलं. अगदी खालच्या कोपऱ्यातलं, चोविसावं.

नखानं त्याचा कोपरा उचलला. श्री. पुंजाराम नारायण खारोडे, सहपरिवार. घरच्या माणसाचं नाव शेवटी येते, बाई. पण येते. माझा हात तिथेच थांबला. भित्रा म्हणाले होते ना मी त्याला? मग आता त्याचं नाव सोलून कॅलेंडरच्या मागे लावायला मलाच भीती का वाटावी? उचललेला कोपरा मी अंगठ्यानं परत दाबून बसवला. अंगठ्याची हळद लेबलवर उमटली. कागद तसाच ठेवून मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला उठले.

परत आले तर कागद रिकामा.

"शालू, याच्यावर एक होतं."

"लावलं न. एक पत्रिका उरली होती." तिचा चेहरा एकदम उतरला. "तुमी ठेवलं होतं न आई? मले वाटलं मावशीसाठी म्हणूनच ठेवलं. उत्तमरावकाका अकोल्याकडचा गठ्ठा घेऊन गेले आत्ताच."

उत्तमराव माझे चुलत दीर. त्यांच्या खिशात मोबाईल होता. बडनेऱ्याच्या पुढेही गेले नसतील. एक फोन केला असता तर ती पत्रिका गठ्ठ्यातून निघाली असती. शालू फोनजवळ जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाहत.

मी म्हणाले, "डाळ शिजली का ते पाय जा."

हे मी पुढे एका माणसाशिवाय कोणाला सांगितलं नाही. म्हणून इथे लिहिते.

हळदीच्या दिवशी दुपारी दारात ऑटो थांबला. प्राजक्ता हळदीच्या अंगानं ओरडत बाहेर पळाली, "मावशी आली वं, मावशी आली!" मी मांडवात उभी होते. गोदी उतरली. वाळली होती. पांढरं लुगडं नव्हतं, फिक्या निळ्या रंगाचं होतं, इस्त्री केलेलं. माझ्यासमोर आली, वाकली आणि पायाला हात लावला. दोन वर्षांनी.

"आली का व," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बोलावल्यावर येत नाही का माणूस?"

मग ती पदर खोचून कामाला लागली, जशी कधी रुसलीच नव्हती. आम्ही दोघींनी मिळून उद्याच्या पुरणाची डाळ निवडली. तिथे, डाळीच्या ताटावर वाकून, ती बोलली. माझ्याकडे न पाहता.

"बाई, दोन वर्सांत त्याच्या नावाचे लई कागद आले. तहसीलीतून आले, बँकेतून आले, पोलिसातून आले. समद्याईवर एकच लिवलं राहते. मयत पुंजाराम. मयत पुंजाराम. लोकं घरी येऊन फोटो काढून गेले, पेपरात आलं तं नावही नाही, सांगवीचा एक शेतकरी म्हणे. रेशनच्या कार्डातून नाव काढलं. गावात कोणाचं लगन असलं तं पत्रिका आमच्या घरासमोरून पुढे जाते." ती खडा वेचून बाजूला टाकत होती. "उत्तमरावभौनं पत्रिका दिली तं मी पाहातच राहिली. श्री. पुंजाराम. दोन वर्सांत पहिल्यांदा. आन कोपऱ्यावर तुह्या अंगठ्याची हळद. मी मनात म्हटलं, बाईच्या तोंडून निघत नाही, पण बाईनं त्याले माणसांत घेतलं."

मी ताट हलवलं. डाळीचा आवाज झाला. सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं होतं, की ते लेबल चुकून निघालं होतं, पण त्याला सोलायला माझा हात झाला नाही, आणि गेलं तेव्हा मी त्याला परत बोलावलं नाही. तीन वाक्यं. मी म्हणाले, "डोळे कमजोर झाले वाटते तुहे. हा खडा पाय, केवढा राहिला."

ती हसली. "तोंड तसंच आहे तुहं."

त्या दिवशी माझ्या घरात खरं लग्न होतं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात बायकांच्या खोलीत आम्ही सगळ्या बसलो होतो. मुलाकडच्या बायका आलेल्या. विहीण माणिकबाई खुर्चीवर. मानापानाला कडक, हे मला आधीच समजलं होतं. गोदी खाली बसून आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत होती. तिनं आपली पिशवी उघडली आणि पत्रिका काढून कोण्या बाईला दाखवली. मला ऐकू आलं, "माह्या बहिणीनं धाडली. त्याईच्या नावानं."

पत्रिका या हातातून त्या हातात जात माणिकबाईंपर्यंत गेली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"हे कोण?"

"माझे मालक," गोदी म्हणाली.

"कुठं आहेत?"

गोदी म्हणाली, "वारले. दोन वर्सं झाली."

माणिकबाईंनी पत्रिका बोटांच्या टोकानं धरली आणि माझ्याकडे वळल्या.

"काय हो विहीणबाई, वारलेल्या माणसाच्या नावानं अक्षता धाडता तुमी? माझ्या पोराचं लगन आहे. आमच्याकडं असं चालत नाही बाप्पा. मुद्दामून धाडली का?"

सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. आत प्राजक्ताच्या डोक्यावर शालू बाशिंग बांधत होती. ही बाई इथून उठली तर? अपशकुन म्हणून उठली तर? मी पार्बताबाई गावंडे, मी कोणाला भीत नाही, तहसीलदाराला भीत नाही. त्या खोलीत मी भ्याले.

"मुद्दामून कोण धाडते हो?" मी हसले. हसले, हे विसरता येत नाही. "मशीनची चूक. पोरानं लेबलं काढली, जुनी यादी निघाली. मेलेल्या माणसाले कोण आवतन देते? मशीनले काय समजते मेलं कोण आन जित्तं कोण!"

माणिकबाई हसल्या. बाकीच्याही हसल्या. "आजकाल काही खरं नाही या मशीनींचं," कोणीतरी म्हणालं. पत्रिका त्याच वाटेनं परत गोदीच्या हातात आली.

गोदीच्या मांडीवर साडी अर्धी घडी केलेली होती. तिनं ती घडी पुरी केली. काठाला काठ जुळवला, वरून हात फिरवला, चळतीवर ठेवली. अजून चार साड्या राहिल्या होत्या, त्याही केल्या. मग उठून बाहेर गेली. मंगलाष्टकं झाली तेव्हा ती मागे, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अक्षता टाकताना मी तिला पाहिलं. पंगत बसली तेव्हा तिच्या नावानं मी एक पान धरून ठेवलं. वाढणारा तीनदा आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "आजी, इथं कोणी नाही."

प्राजक्ता सासरी गेली. पाहुणे पांगले. तीन आठवडे मी घरात फिरत होते आणि कोणत्या कामाला हात लावला ते समजत नव्हतं. एका सकाळी नितेशला म्हणाले, "ते लेबल काढून दे मले. पुंजारामचं. मी सांगवीले जातो."

त्यानं कॉम्प्युटर सुरू केला. नाव भरलं.

"एकच दे."

"एकच काढून तोच कागद पुन्हा घातला का मशीनमधी चिकटते आई, आत अडकते. पुरा कागदच काढतो." आणि त्यानं काढला. चोवीस वेळा श्री. पुंजाराम नारायण खारोडे. तीन रांगा, आठ ओळी. एका मापाचं अक्षर, पण त्याचं नाही.

मूर्तिजापूरपर्यंत एस्टीनं गेले, तिथून काळीपिवळीनं. सांगवीत उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. शेतं नांगरून ठेवलेली. गोदीच्या दाराशी आले आणि आधी दारच पाहिलं. चौकटीच्या उजव्या बाजूला, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, एक लेबल लावलेलं होतं. पत्रिकेवरून अलगद काढून तिनं ते तिथे चिकटवलं असणार, लग्नाहून परत आल्यावर, माझं ते बोलणं ऐकूनही. आता ते खरवडलेलं होतं. नखांनी, मग विळ्यानंही असेल, कारण लाकडावर चरे होते. पण ते कागद पूर्ण निघत नाहीत. "श्री. पुंजा" एवढं गेलं होतं. मधला पांढरा लगदा राहिला होता, आणि खालच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याची हळद.

गोदी बाहेर आली. मला पाहून पदर डोक्यावर घेतला.

"या," म्हणाली. "बसा."

माझ्या धाकट्या बहिणीनं मला जन्मात पहिल्यांदा बसा म्हटलं. तिनं चटई टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला, जसा पटवारी आला तर ठेवतात तसा.

मी पिशवीतून कागद काढून तिच्यासमोर धरला. तिनं घेतला, वाचला. एक ओळ, दुसरी ओळ, खालपर्यंत बोट नेलं.

"एवढे पुंजाराम काय करू मी?" ती म्हणाली. "एक होता, तोच राहिला नाही."

"गोदे, ते लेबल मशीननं नाही ठेवलं. यादीत चुकून निघालं, पण ठेवलं मी. माह्या हातानं निघालं नाही ते. आन गेल्यावर मी फोन नाही केला उत्तमरावले. तुले जाऊ दिलं ते. आईच्यान सांगतो."

तिनं मान वर केली. "मंग त्या दिवशी चार बायांत काहून नाही म्हटलं?"

बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली.

"प्राजूचं लगन होतं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तुमच्या पोरीचं लगन होतं."

मग रागानं नाही, जशी हवापाण्याची गोष्ट बोलावी तशी म्हणाली, "मशीनच बरी होती, बाई. तिनं त्याले श्री. म्हटलं. तुमच्या तोंडून निघाला तो एकदा भित्रा म्हणून निघाला, एकदा चूक म्हणून."

तिनं चहा केला. जाताना शेरभर तूरडाळ बांधून दिली, पाहुण्याला द्यावी तशी. कागदही परत दिला, सरळ, कोपरा न दुमडता. मी चौकटीतून बाहेर पडताना त्या खरवडलेल्या जागेला हात लावला. अजून चिकट होती. बोटाला धूळ लागली.

पुढच्या वर्षी शालूला मुलगी झाली. बारशाच्या पत्रिकांची लेबलं नितेशनंच काढली. मी त्याच्याकडून एक कोरं लेबल मागून घेतलं. जेवणं झाल्यावर खिडकीत बसले, शाईचा पेन घेतला आणि लिहिलं. श्रीमती गोदाबाई पुंजाराम खारोडे. दुपार गेली त्यात. गो मोठा झाला, खारोडे शेवटी कागदाच्या बाहेर जाऊ लागलं म्हणून चिमटीत बसवावं लागलं. कोंबडी चालल्यासारखंच दिसत होतं. तसंच चिकटवलं. त्या पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि उत्तमरावांच्या हातात वेगळी दिली. शालूची आई म्हणाली, विधवेच्या नावानं? मी म्हणाले, हो. चार बायांत म्हणाले. कोणी काही बोललं नाही. एवढंच तर होतं.

उत्तमराव येऊन म्हणाले, "दिली. वाचली तिनं. घरात नेऊन ठेवली."

"काही बोलली?"

"नाही."

बारशाच्या दिवशी पाळणा सजवला. बाळाला पाळण्याखालून पलीकडे द्यायचं, वरून अलीकडे घ्यायचं, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक बाई लागते. मी एका बाजूला उभी राहिले. दुसरी बाजू मी कोणाला घेऊ दिली नाही. शालूची आई पुढे झाली तर म्हणाले, थांबा थोडं. बाळ रडू लागलं. मूर्तिजापूरवरून येणारी एस्टी दुपारी अडीचला बडनेऱ्याला लागते, तिथून ऑटोनं किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. साडेतीन झाले. पुन्हा म्हणाले, थांबा. चार वाजता नितेश माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, पोरगी उपाशी आहे."

मग शालूची आई पलीकडे उभी राहिली आणि मी बाळाला पाळण्याखालून तिच्या हातात दिलं.